झुलाल कुंभाराच्या चुली

चोपडा तालुक्यातल्या बोरखेड्याच्या बाया म्हणायच्या, की झुलाल कुंभाराचं खापर ज्या घरात आहे त्या घरचा मांडा फाटत नाही. मांडे भाजायचं खापर म्हणजे पालथ्या मडक्यासारखं. ते सगळीकडून सारखं तापलं नाही, तर मांडा एका अंगाला जळतो आणि दुसऱ्या अंगाला कच्चा राहतो. ती जाडी झुलालच्या बोटांना कळायची. पण एकदा घेतलेलं खापर दहा-दहा वर्षं जातं. कुंभाराचं पोट भरतं ते घागरी, गाडगी आणि माठांवर; आणि साठ सालानंतर चोपड्याच्या बाजारात ॲल्युमिनियमची पातेली आली तसा तो धंदा बघता बघता बसला. पडलं तरी फुटत नाही असं भांडं मिळाल्यावर बाईमाणूस मडक्याकडे कशाला बघेल? झुलाल कुणाला दोष देत नसे. त्याची बायको इंदिराबाई, तीही डाळ ॲल्युमिनियमच्याच पातेल्यात शिजवायची.

इंदिराबाईला खोकला होता. लग्न होऊन आली तेव्हा नव्हता, कधी लागला ते कुणाच्या लक्षात नाही. घर एका खोलीचं, खिडकी नाही, चुलीत कपाशीच्या वाळल्या-न वाळल्या काठ्या. फुंकणी घेऊन ती बसली की थोड्या वेळाने पदराने डोळे पुसत बाहेर यायची, अंगणात उभी राहून श्वास घ्यायची आणि पुन्हा आत जायची. बावीस वर्षं झुलालने चाकावर बसल्या बसल्या हे पाहिलं. त्यात काही पाहण्यासारखं आहे असं त्याला वाटलं नाही. गावातल्या सगळ्याच बाया अशा बाहेर यायच्या आणि अशाच आत जायच्या.

पासष्ट सालच्या पौषात ती गेली. मूलबाळ नव्हतं. दहावा-तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि झुलालला पहिल्यांदा स्वतःच्या घरातली चूल पेटवावी लागली. धुराने त्याचा जीव कासावीस झाला. तो बाहेर आला, अंगणात बरोबर तिच्याच जागी उभा राहिला, आणि बराच वेळ आत गेला नाही. पुढे तो सकाळी एकदाच भाकरी थापायचा आणि तीच दोन्ही वेळा खायचा. संध्याकाळी ती शिळी भाकरी मिरचीच्या ठेच्याबरोबर ओसरीत बसून खाताना शेजारचे लोक दिसत, रामराम होई. कुणी बोलायला थांबत नसे. एकट्या माणसाच्या ओसरीवर थांबायला लोकांना संकोच वाटतो.

पुढच्या वर्षी ग्रामसेवक वना पाटील एक कागद घेऊन आला. धुळ्याला बिनधुराची चूल बांधायला शिकवणारं पंधरा दिवसांचं शिबीर होतं. जायचं-यायचं एसटीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण सरकारकडून.

"कुंभार पाहिजे म्हणतात. मातीतला माणूस," वना म्हणाला. "जाशील का झुलालभाऊ? इथं तरी काय करतोस?"

दोन वेळचं दुसऱ्याच्या हातचं जेवण मिळेल, एवढ्याच विचाराने झुलाल गेला.

शिबिरात शिकवणारे एक खादीतले म्हातारे गुरुजी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी चूल पेटवून दाखवली. पुढच्या तोंडात लाकूड, वर तवा. तिथला जाळ आतल्या आत बोगद्यातून मागच्या वैलाकडे, म्हणजे चुलीच्या दुसऱ्या तोंडाकडे जाई, त्यावर डाळीचं पातेलं. आणि उरलेला धूर भिंतीलगतच्या मातीच्या नळीतून थेट छपराबाहेर. खोलीत वीस माणसं बसली होती आणि कुणाच्या डोळ्याला पाणी आलं नाही.

गुरुजी म्हणाले, "या चुलीला लाकूड निम्मं लागतं. गरिबाची मजुरी वाढवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण त्याच्या मजुरीतलं जे रोज चुलीत जळून जातं, ते वाचवणं आपल्या हातात आहे. आणि घरातल्या बाईचे डोळे वाचतील ते वेगळे."

झुलाल उठला आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसला. नळी म्हणजे काय, तर बुडाशिवायची उभी घागर. एका सकाळी त्याने अशा दहा नळ्या केल्या असत्या. माती दारात होती, चाक दारात होतं, आणि इंदिराबाई त्या चाकापासून चार हातांवर खोकत होती. जेवणाची घंटा झाली तेव्हा वना पाटलाच्या ओळखीचा एक शिबिरार्थी बोलवायला आला. झुलाल म्हणाला, "तुम्ही जेवा. माले भूक नही."

बोरखेड्याला परतून त्याने पहिली चूल स्वतःच्या घरी बांधली. बाया येऊन पाहून गेल्या आणि हसून गेल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "आपले का लाकडं इकत लेवाना शेत? वावरमा बठ्ठं फुकट शे." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. शेतात कपाशीच्या काठ्या होत्या, गोठ्यात शेण होतं, सातपुड्याचं रान दोन कोसांवर होतं. ज्याला पैसे पडत नाहीत ते वाचवायची कुणाला घाई नसते. वर्षभरात झुलालच्या हातून गावात एकही चूल झाली नाही.

मग त्याला आठवलं, की शिबिराच्या वेळी धुळ्यात त्याने लाकडाच्या वखारीपुढे बायांची रांग पाहिली होती. गिरणीतल्या कामगारांच्या, हमालांच्या बायका. रोजचं लाकूड रोज घ्यायचं, पाच किलो, तीन किलो. त्याने घराला कुलूप लावलं, चाक बैलगाडीवर टाकलं आणि अडुसष्टच्या दिवाळीनंतर धुळ्याच्या कुंभारवाड्यात एका जातभाईच्या पडवीत भाड्याने राहायला गेला. पांझरेच्या काठची माती त्याने चाखून पाहिली. चांगली होती.

गिरणीमागच्या चाळीत सुगंधाबाई राहायची. नवरा गिरणीतच होता, तो वारल्यावर तिने खानावळ काढली होती. दहा बाय बाराच्या खोलीत ती, प्रमिला आणि वच्छला या दोन मुली आणि जेवायला येणारे सहा मेंबर. मिळकतीतला मोठा वाटा वखारवाल्याकडे जायचा. घेतलेलं लाकूड पुरावं म्हणून मुली शाळा बुडवून वखारीत सालपटं वेचायला जायच्या. झुलाल दारात उभा राहून चुलीबद्दल सांगू लागला तेव्हा तिने भाकरी थापणं थांबवलं नाही.

"जुनी चूल मोडीसन नवी तुम्ही आठ दिन वाळाले ठेवशात," ती म्हणाली. "तठलोंग मना मेंबर काय माती खातीन?"

हे गुरुजींनी शिकवलं नव्हतं. झुलाल त्या दिवशी परत आला. ओली चूल जागेवर वाळायला दिवस लागतात आणि गरिबाची चूल एक वेळही बंद राहू शकत नाही. आठवडाभर तो त्याच विचारात होता. मग त्याने चुलीचे पाच तुकडे केले. पुढचं तोंड, बोगदा, वैल, आणि नळीचे दोन भाग. घोड्याची लीद आणि भुसा घालून मळलेल्या मातीचे, पडवीत सावलीला वाळवलेले, मग हलकेच भाजलेले. एका रविवारी, दुपारचे मेंबर जेवून गेल्यावर, ते लोटगाडीवर घालून तो चाळीत आला. संध्याकाळच्या जेवणाआधी चूल बसवून झाली.

पेटवली तेव्हा धूर उलटा खोलीत आला. सुगंधाबाईने त्याच्याकडे पाहिलं. झुलाल शिडी लावून पत्र्यावर चढला. वारा नळीच्या तोंडात शिरत होता. त्याने खालून एक परात मागून घेतली आणि वाऱ्याच्या अंगाला आडवी धरून उभा राहिला. थोड्या वेळाने खालून सुगंधाबाईचा आवाज आला.

"धूर कोठे गया?"

"मनाकडे ऊना," तो वरून म्हणाला. त्याच्या तोंडावर काजळी बसली होती. दुसऱ्या दिवशी त्याने नळीवर मातीची टोपी करून बसवली.

दोन दिवसांचं लाकूड साडेतीन दिवस जायला लागलं. पुढे भाकरी भाजेपर्यंत मागे वैलावर डाळ शिजून होई, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक दोन तास आधी आटपायचा. सुगंधाबाईने आणखी पाच मेंबर घेतले. दुपारच्या मोकळ्या वेळात ती चाळीतल्या बायांबरोबर उडदाचे पापड लाटून किराणा दुकानांत द्यायला लागली. सगळ्यांत आधी तिने काय केलं, तर मुलींचं वखारीत जाणं बंद केलं. हे पाहून शेजारणींनी झुलालला बोलावलं. त्यांच्याकडे एकदम द्यायला पैसे नसत. कुणी पापडाच्या पैशातून दिले, कुणी त्याला डबाभर दादर ज्वारी दिली. पुढच्या वर्षी चाळीच्या पत्र्यांवर मातीच्या टोप्या घातलेल्या नळ्या ओळीने उभ्या होत्या.

चुली बांधणं म्हणजे परक्या घरांच्या स्वयंपाकघरात बसणं. झुलाल खाली मान घालून काम करायचा. बाया डोक्यावरून पदर ओढून दाराशी उभ्या राहत आणि त्याच्याशी भिंतीकडे पाहून बोलत. काम संपलं की तो निघायचा. सुगंधाबाईच्या घरी मात्र त्याला दर रविवारी नळीतली काजळी काढायला जावं लागे, आणि तेव्हा ती म्हणे, "झुलालभाऊ, जेवाले बसा." पुढे तो रोजचाच मेंबर झाला. सगळे जेवून गेल्यावर तो येई. ती वैलावरची गरम डाळ वाढी, कधी मेथी, कधी वांगं. बोलणं फार नसे. वच्छला पाढे म्हणायची. सुगंधाबाई विचारायची, आज कुठे चूल बसवली, धूर नीट गेला का, त्या बाईने काय म्हटलं. झुलाल सांगायचा. इंदिराबाई गेल्यानंतर कुणी त्याला त्याच्या दिवसाबद्दल विचारलं नव्हतं. दिवसभर काम करताना, हे संध्याकाळी सांगायचं, असं तो मनात बाजूला काढून ठेवायला लागला.

असं दोन वर्षं चाललं. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो ताटावर बसला तेव्हा मुली घरात नव्हत्या. सुगंधाबाईने वाढलं आणि ती उंबऱ्याशी, बाहेरच्यांना दिसेल अशी बसली.

"भाऊ, प्रमिलाले स्थळ उनं शे. शिरपूरनं."

"बरं व्हयनं."

"पोऱ्या एसटीमा शे. घर चांगलं शे." ती थांबली. मग बाहेर बघत म्हणाली, "लोके बोलतस, भाऊ."

लोक काय बोलतात ते झुलालने विचारलं नाही.

"तुमना डबा मी धाडत जासू," ती म्हणाली. "रोज. गरम धाडसू."

"बरोबर शे," झुलाल म्हणाला. पानातलं संपवून तो उठला, हात धुतले, आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "नळी रविवारे साफ करी लेज्यात. बांबूले चिंधी बांधीसन." आपण करू, असं तो म्हणाला नाही.

डबा महिनाभर येत राहिला. कुणीतरी मेंबर जाता जाता पडवीत ठेवून जाई. त्यात डाळ, भाकऱ्या, कधी एखादा लाडू. झुलाल तो उघडून, एकटाच बसून खाई, आणि दिवसभराचं सांगायला बाजूला काढून ठेवलेलं तसंच मनात राही. एक दिवस त्याने डबा घासून परत धाडला आणि निरोप दिला, की मी गावाला जातो. जायचं ठरलेलं नव्हतं. निरोप दिला म्हणून मग तो गेला.

बोरखेड्याचं घर उघडलं तर छपराचे वासे वाळवीने खाल्लेले. ते दुरुस्त करण्यात पावसाळा गेला. पाऊस आलाच नाही, आणि पुढच्या वर्षीही आला नाही. बहात्तरच्या दुष्काळात कपाशी वीतभर वाढून करपली, म्हणजे काठ्या नाहीत. गुरं विकली किंवा चारा-छावणीत गेली, म्हणजे गोवऱ्या नाहीत. पूर्वी फुकट होतं ते सरपण आता विकत घ्यायची पाळी आली, आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बायांना संध्याकाळी येऊन रानात जायचं बळ नव्हतं. मग शेजारची तीच म्हातारी झुलालच्या ओसरीवर आली.

"झुलाल, ती दोन तोंडानी चूल माले बसाडी दे."

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी त्याने किती चुली बांधल्या ते त्यालाच ठाऊक नाही. बोरखेडं झालं, आजूबाजूची गावं झाली. घेण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. खडीच्या कामावर मिळणाऱ्या सुकडीच्या भुकटीतली मूठभर कुणी द्यायचं, ती तो घ्यायचा. दुष्काळ सरल्यावर सगळ्यांनी चुली ठेवल्या असंही नाही. काठ्या परत फुकट झाल्या तेव्हा काही जणींनी नळी फुटल्यावर बसवली नाही. पण बऱ्याच घरांत ती राहिली, आणि ज्या घरांत राहिली तिथल्या बाया शेताच्या कामाला तासभर लवकर जात. त्या तासाची मजुरी निराळी मिळत नव्हती, पण निंदणीला मुकादम आधी त्यांचीच नावं घ्यायचा.

झुलाल आता पंचावन्नच्या पुढे गेला होता. डोळ्यांपुढे धुरकट दिसायला लागलं, म्हणून एकोणऐंशीच्या फाल्गुनात तो धुळ्याला डोळे तपासायला गेला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही, दोन वर्षांनी या. एसटीला वेळ होता. तो चाळीकडे गेला. पत्र्यांवर काही नळ्या होत्या, काही नव्हत्या. सुगंधाबाईच्या खोलीत दुसरंच कुणी राहत होतं. त्यांनी सांगितलं, बाई आता कॉलेजच्या रस्त्याला असते, मोठी खानावळ आहे.

ती दोन खोल्यांची पक्की जागा होती. बाहेर टेबलं, टेबलांवर विद्यार्थी. वाढणाऱ्या मुलीने झुलालकडे पाहून विचारलं, "महिन्याचे मेंबर, की एक वेळचं जेवण?"

"एक वेळचं," झुलाल म्हणाला आणि बसला.

ताट आलं, पण ते आणणारी सुगंधाबाई होती. केस पिकले होते, डोळ्यांवर चष्मा होता. ताट ठेवून ती समोर उभीच राहिली.

"आतमा चला, झुलालभाऊ. आठे नका बसू."

आत ओटा होता आणि ओट्यावर गॅस. नंबर लावून तीन वर्षांनी मिळाला, असं तिने सांगितलं. प्रमिलाला शिरपूरला दोन मुलं आहेत. वच्छला नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण झाली आहे. लग्नाचं बघायचं आहे, पण ती म्हणते आत्ता नको. सुगंधाबाई बोलत होती आणि झुलाल गॅसच्या निळ्या जाळाकडे पाहत होता. जाळ इतका सारखा होता, की त्यावर कुणीही मांडा भाजला असता.

"धूर नही, राख नही," तो म्हणाला. "चांगलं शे."

"तुमनी चूल चाळमाच ऱ्हाई गई," ती म्हणाली. "लई येता येत नव्हती."

त्याने मान हलवली. ते खरंच होतं. जमिनीला धरलेली चूल उचलून कशी आणणार?

त्याने जेवण संपवत आणलं तेव्हा ती म्हणाली, "मांगली खोली रिकामी शे. वच्छलानी बी सांगेल शे, कोणी आपलं माणूस घरमा जोयजे. आते कोणी काही बोलनार नही, भाऊ. आठेच राहा."

हेच शब्द आठ वर्षांपूर्वी आले असते तर झुलालने काय केलं असतं, हे त्याला माहीत होतं. आता त्याला पडवीत एकट्याने खाल्लेला तो डबा आठवत होता, बोरखेड्याची गळकी ओसरी आठवत होती, आणि या स्वच्छ घरात आपण दिवसभर काय करू, कुठे बसू, हे काही केल्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. इथे काजळी काढायलाही काही नव्हतं. गेल्या आठ वर्षांत एकटं राहणं त्याच्या अंगात मुरलं होतं.

"पाड्यावर बारा चुली कबूल करेल शेत," तो म्हणाला. "तुकडा वाळाले घालेल शेत. मी नही गऊ तर तडकतीन."

सुगंधाबाईने आणखी एक भाकरी त्याच्या ताटात वाढली. नको म्हणायच्या आत वाढली.

"मंग कधी येशात?"

"दखसू," झुलाल म्हणाला.

त्याने पैसे द्यायला खिशात हात घातला तेव्हा तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने हात काढून घेतला. अमळनेरमार्गे चोपड्याला जाणारी एसटी त्याला मिळाली. खिडकीशी बसून त्याने तिकीट काढलं.

बारा चुलींचं त्याने खोटं सांगितलं नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आदिवासींच्या पाड्यांवर लाकूड विकत घ्यावं लागत नव्हतं, पण रान दर वर्षी मागे सरकत होतं आणि बायांना मोळीसाठी पहाटे निघून दुपारी परतावं लागत होतं. तिथे निम्मं लाकूड म्हणजे निम्मी चाल. धुळ्याहून आल्याच्या चौथ्या दिवशी तो त्यातली पहिली चूल बसवत होता. घर कुडाचं होतं. घरातली तरुण बाई जवळ बसून तुकडे सांधताना पाहत होती. तिची बोली त्याला अर्धी कळायची आणि त्याची अहिराणी तिला अर्धी. ही बाई भिंतीकडे बघून बोलणारी नव्हती. तिने सरळ त्याच्या तोंडाकडे पाहून, हाताने घास घेतल्यासारखं करून विचारलं, तुझ्या घरी कोण रांधतं?

"मीच," झुलाल म्हणाला.

तिला वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. तिने पुन्हा, सावकाश विचारलं.

"मीच रांधस," झुलालनेही सावकाश सांगितलं, आणि ओल्या हाताने तो बोगद्याचा सांधा लिंपत राहिला.